महाराष्ट्रातील ब्राउझर खेळांची संकेतस्थळे

ब्राउझर खेळ म्हणजे संगणकात वेगळी आज्ञावली न बसवता, आंतरजालावरील पाने पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्येच, म्हणजे न्याहाळकातच, खेळता येणारा खेळ होय. असे अनेक खेळ एका ठिकाणी मांडणाऱ्या संकेतस्थळांची भारतातील सुरुवात प्रामुख्याने मुंबईत, १९९०च्या दशकाच्या अखेरीस झाली. इंडियागेम्स, कॉन्टेस्ट्स२विन व त्यातून पुढे आलेले गेम्स२विन, आणि रिलायन्स अनिल धीरूभाई अंबानी समूहाचे झपाक ही त्यांतील ठळक नावे होत. ही संकेतस्थळे बहुतांशी फ्लॅश या तंत्रावर उभी होती. २००५ ते २०११ हा त्यांच्या बहराचा काळ मानता येईल. स्मार्टफोनच्या प्रसाराने त्यांना उतरती कळा लागली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आल्यावर त्यांवरील जुने खेळ चालेनासे झाले.

== तांत्रिक पाया ==

आंतरजालावरील पान हे मुळात वाचण्यासाठी होते. मजकूर, चित्र आणि दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा एवढेच त्यात असे. हालचाल, ध्वनी आणि खेळणाऱ्याच्या कृतीला तत्काळ प्रतिसाद या गोष्टी त्यात आणण्यासाठी ब्राउझरला बाहेरून एक जोडभाग लावावा लागे. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाची अशी एक आज्ञावली अमेरिकेत तयार झाली. ती मॅक्रोमीडिया या कंपनीने घेतली व तिचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली.

फ्लॅशचे सामर्थ्य त्याच्या काटकसरीत होते. त्यातील चित्रे ठिपक्यांनी नव्हे, तर रेषांच्या गणिती वर्णनाने साठवली जात. एखादे वर्तुळ साठवायचे तर त्याचा मध्य, त्रिज्या व रंग सांगितला की पुरे. त्यामुळे संपूर्ण खेळ काहीशे किलोबाइटांच्या एकाच फाइलमध्ये मावत असे. ही फाइल एकदा वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरली की पुढचा खेळ त्याच संगणकावर चाले. दूरध्वनीची तार मध्येच तुटली तरी चालू असलेला डाव सहसा थांबत नसे. मंद गतीच्या आणि बेभरवशाच्या जोडणीवर जगणाऱ्या देशात हे तंत्र रुजले, यात नवल नाही.

त्याच काटकसरीची दुसरी बाजू अशी की एका फाइलमध्ये सामावलेला खेळ उचलून दुसऱ्या संकेतस्थळावर ठेवणे अगदी सोपे होते. खेळ एकाने बनवावा आणि शेकडो परक्या संकेतस्थळांवर तो बनवणाऱ्याच्या नावाशिवाय दिसावा, हे नित्याचे झाले. काही निर्माते खेळ ठरावीक संकेतस्थळाबाहेर उघडणारच नाही अशी कुलपे घालत. काहींनी उलट विचार केला. जाहिरात खेळाच्या फाइलमध्येच बसवली, तर चोराचे संकेतस्थळही आपोआप आपल्याच जाहिरातीचा फलक ठरते.

== आंतरजालाचे आगमन ==

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सुरुवातीच्या शहरांत मुंबई होती. दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारी ही जोडणी सेकंदाला ९.६ किलोबिट इतक्या मंद गतीची होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादारांना परवानगी मिळाली, दर उतरले आणि शहरांतून नेट कॅफे दिसू लागले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या ठरली. आजच्या मानाने ही गती हास्यास्पद वाटेल. परंतु फ्लॅशमधील खेळाला ती भरपूर होती.

== मुंबईतील पहिली संकेतस्थळे ==

१९९८ मध्ये आलोक केजरीवाल यांनी मुंबईत कॉन्टेस्ट्स२विन सुरू केले. नावाप्रमाणेच हे स्पर्धांचे संकेतस्थळ होते. निरनिराळ्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी त्यावर स्पर्धा ठेवत आणि खेळणाऱ्याला बक्षिसाची आशा असे. खेळणाऱ्याकडून नव्हे, तर जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे, हे सूत्र येथे पक्के झाले. पुढील दशकाच्या मध्यानंतर त्यातूनच गेम्स२विन ही केवळ खेळांना वाहिलेली शाखा निघाली. तिने गाडी उभी करण्याचे, बाहुलीला पोशाख चढवण्याचे असे छोटे खेळ मोठ्या संख्येने तयार केले. त्यांचा ग्राहक प्रामुख्याने परदेशी होता, कारण तेथील जाहिरातीचे दर भारतातील दरांपेक्षा बरेच वरचे होते. मुंबईत बनलेला खेळ अमेरिकेतील शाळकरी मुले खेळत होती आणि महाराष्ट्रातील फारच थोड्यांना त्याचे मूळ ठाऊक होते.

इंडियागेम्सची स्थापना विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईतच केली. कारगिल संघर्षाचे ते वर्ष होते आणि त्या विषयावरील खेळामुळे संस्थेचे नाव लोकांपुढे आले. मात्र संस्थेने लवकरच भ्रमणध्वनीवरील खेळांकडे मोर्चा वळवला. त्यामागील कारण सरळ होते. संगणकावर पैसे घेण्याची सोय नव्हती; भ्रमणध्वनीवर मात्र खेळाची किंमत ग्राहकाच्या बिलातून वा शिल्लक रकमेतून थेट कापून घेता येत असे. चीनमधील टॉम ऑनलाइन या कंपनीने इंडियागेम्समध्ये बहुसंख्य भागभांडवल घेतले, २००७ मध्ये यूटीव्हीने ती ताब्यात घेतली आणि २०११ मध्ये ती डिस्नेकडे जाण्याचे ठरले. एका तपाच्या आत मालकी तीन वेळा बदलली. भारतीय खेळनिर्मितीचा इतिहास लिहिताना कोणता खेळ कोणी रचला यापेक्षा कोणती संस्था कोणी विकत घेतली हेच अधिक सहज सापडते, ही त्या इतिहासाची मोठी उणीव होय.

== झपाक ==

२००६च्या अखेरीस रिलायन्स अनिल धीरूभाई अंबानी समूहाने झपाक हे संकेतस्थळ आणले. तोवरच्या संकेतस्थळांपेक्षा त्याचे वेगळेपण भांडवलात आणि प्रसिद्धीत होते. ब्राउझरमधील खेळ हे कामाच्या वा अभ्यासाच्या वेळात चोरून करायचे उद्योग समजले जात; झपाकने त्यांची जाहिरात उघडपणे, मोठ्या प्रमाणावर केली. नावाचा ध्वनी मराठी वाचकाला 'झपकन' आणि 'झपाटा' यांची आठवण करून देणारा होता व तो तोंडी बसला.

झपाकवर शर्यती, नेमबाजी, कोडी, पत्ते आणि अर्थातच क्रिकेट असे नाना प्रकारचे खेळ विनामूल्य मिळत. क्रिकेटचा खेळ बनवणे फ्लॅशला सोयीचे होते. फलंदाज एका जागी उभा, चेंडू एका दिशेने येणारा, आणि खेळणाऱ्याचे सारे कौशल्य कळ कोणत्या क्षणी दाबायची यात सामावलेले. फुटबॉलसाठी बावीस खेळाडू पळवावे लागतात. येथे एका फलंदाजावर भागते.

संकेतस्थळाच्या जोडीला झपाकने गेमप्लेक्स या नावाने शहरांत खेळांची केंद्रे उघडली. घरी चांगला संगणक नाही, अशा तरुणाला वेगवान यंत्र तासाच्या भाड्याने मिळावे, हा त्यामागील विचार. पुढे घराघरांत जोडणी आणि हातोहाती फोन आल्यावर अशा केंद्रांची गरज ओसरली. समूहाचा खेळांचा व्यवसाय रिलायन्स गेम्स या नावाने मोबाइलकडे वळला आणि झपाकचे ब्राउझरमधील रूप मागे पडले.

== नेट कॅफे आणि तालुक्याची गावे ==

ही संकेतस्थळे मुंबईत बनत असली तरी ती खेळली कोठे जात, हा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्यासारख्या भागात त्या काळी घरी संगणक असणे ही अपवादाची गोष्ट होती. संगणकाची पहिली ओळख दोन ठिकाणी होई. एक नेट कॅफे आणि दुसरे एमएस-सीआयटीचे केंद्र. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक ठरल्याने त्याची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. परभणी शहरात कृषी विद्यापीठ आणि महाविद्यालये असल्याने विद्यार्थ्यांची वस्ती मोठी आहे. तर जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा अशा गावांतील मुलांना संगणक दिसे तो प्रामुख्याने प्रशिक्षण केंद्रात. तेथे शिकवले जाई ते टंकलेखन आणि तक्ते. पण माउस हातात बसतो तो खेळातून, हे कोणताही संगणक-शिक्षक मान्य करील.

वीज हा या भागातील दुसरा घटक. भारनियमनाच्या वर्षांत वेळापत्रक पाहूनच संगणकासमोर बसावे लागे. अर्ध्यावर वीज गेली की फ्लॅशमधील बराचसा खेळ पुसला जाई, कारण थोड्याच खेळांत प्रगती साठवण्याची सोय होती. पाच-दहा मिनिटांत संपणारे लहान डाव लोकप्रिय होण्यात या परिस्थितीचाही वाटा असावा.

कॅफेंवर लवकरच निर्बंध आले. केंद्र सरकारच्या २०११च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार कॅफेची नोंदणी आणि येणाऱ्याच्या ओळखपत्राची नोंद आवश्यक झाली. कप्प्यांची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी असे ठरले. आणि ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलासोबत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक झाले. नियमांमागील हेतू सुरक्षिततेचा होता. तथापि शाळा सुटल्यावर अर्ध्या तासासाठी येणारा मुलगा त्यामुळे दाराबाहेर राहिला, हेही खरे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त आंतरजाल थेट फोनवर आले. पुढे बहुतेक कॅफे ऑनलाइन अर्ज, छायाप्रती आणि दाखल्यांची दुकाने बनले.

== मराठी लिपीची अडचण ==

मुंबईत आणि मराठी मुलांच्या हाताखाली वाढलेल्या या माध्यमात मराठी मात्र जवळजवळ नव्हती. खेळांच्या सूचना, गुणफलक, नावे सारे इंग्रजीत असे. बाजाराची उदासीनता हे त्याचे एक कारण आहेच. परंतु एक तांत्रिक कारणही होते आणि ते सहसा सांगितले जात नाही.

देवनागरीत वर्ण एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी बसते. अर्धी अक्षरे जोडावी लागतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळणी करण्याची क्षमता फ्लॅशमध्ये प्रारंभी नव्हती. ती २००८च्या दहाव्या आवृत्तीत आली. त्यापूर्वी युनिकोडमधील मराठी मजकूर दाखवायचा तर वेलांट्या भलतीकडे जात व जोडाक्षरे फुटत. उपाय दोनच होते. मजकुराचे चित्र करून चिकटवायचे, किंवा जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तो जुळवायचा. दोन्ही उपायांत मजकूर बदलणे जिकिरीचे होई. खेळणाऱ्याचे नाव मराठीत लिहून गुणफलकावर दाखवणे तर फारच कठीण.

शब्दखेळांत ही अडचण अधिक खोल जाते. 'पुस्तक' या शब्दात मराठी वाचकाच्या दृष्टीने पु, स्त, क अशी तीन अक्षरे आहेत. संगणक मात्र त्यात प, उकार, स, हलन्तचिन्ह, त आणि क असे सहा घटक मोजतो. २०२१ मध्ये जोश वॉर्डल यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्डल या ब्राउझरमधील शब्दखेळाने जगभर धूम केली. त्यात इंग्रजी शब्दाच्या पाच चौकटी असतात. त्याच धर्तीचा खेळ मराठीत करायचा तर चौकटीत नेमके काय बसवायचे, येथूनच विचार करावा लागतो. ओळखलेल्या अक्षरात व्यंजन बरोबर आणि मात्रा चूक असेल तर त्याला कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न इंग्रजीत उद्भवतच नाही. व्याकरणाचा अभ्यासक आणि संगणकाचा जाणकार यांनी एकत्र बसून सोडवावी अशी ही गाठ आहे.

== फ्लॅशची अखेर ==

२००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी खुले पत्र लिहून त्याची कारणे मांडली. सुरक्षेतील त्रुटी, बॅटरीचा अपव्यय, स्पर्शपटलासाठी अयोग्य रचना आणि एकाच कंपनीच्या मालकीचे तंत्र असणे, ही त्यांतील प्रमुख. टीका बरीचशी योग्य होती. मात्र ॲपलचे स्वतःचे ॲप-दालन हेही एका कंपनीच्या मालकीचेच होते, याकडे तेव्हाही लक्ष वेधले गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलसाठीच्या फ्लॅशचे काम थांबवले. दरम्यान ब्राउझरलाच चित्र, ध्वनी व हालचाल दाखवता येईल अशी एचटीएमएल५ ही प्रणाली विकसित होत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. जोडभागाची गरज संपली.

जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली. ३१ डिसेंबर २०२० हा त्याचा शेवटचा दिवस होता आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील आशय चालण्यासच मज्जाव करण्यात आला. चालू संस्थांनी आपले खपणारे खेळ नव्या तंत्रात पुन्हा बांधले. उरलेले हजारो खेळ फाइल जाग्यावर असूनही उघडेनात. पुस्तक जुने झाले तरी डोळ्यांना दिसते. आज्ञावलीचे तसे नाही. ती वाचणारे यंत्रच गेले की ती मुकी होते.

याचा फटका शिक्षणालाही बसला. डिजिटल वर्गांसाठी बनलेले आकृत्यांचे, प्रयोगांचे आणि उजळणीचे बरेच साहित्य त्या काळी फ्लॅशमध्येच तयार होत असे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या विज्ञान-प्रतिकृतींच्या प्रकल्पाने आपल्या अनेक प्रतिकृती एचटीएमएल५मध्ये नव्याने रचल्या. त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत व शाळांत वापरता येतात. ज्या साहित्याच्या मागे अशी संस्था उभी नव्हती, ते सीडीच्या तबकडीवर पडून राहिले.

== जतन ==

बंद पडलेले खेळ वाचवण्याचे प्रयत्न प्रामुख्याने स्वयंसेवकांनी केले. फ्लॅशपॉइंट हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्याने एक लाखाहून अधिक खेळ साठवले. रफल ही मुक्तस्रोत आज्ञावली जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवते. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्याच साहाय्याने फ्लॅशचा स्वतंत्र संग्रह खुला केला.

या जतनाला मर्यादा आहेत. संपूर्ण खेळ एका फाइलमध्ये असेल तर तो वाचतो. गुणफलक, स्पर्धकांची नावे वा अनेकांनी मिळून खेळायचे डाव संस्थेच्या सेवा-संगणकावर चालत. तो संगणक बंद झाल्यावर मागे काही उरत नाही. शिवाय स्वयंसेवक जे खेळले त्याचेच जतन करतात. त्यांतील बहुसंख्य पाश्चात्त्य देशांतील असल्याने भारतीय संकेतस्थळांवरील खेळ, विशेषतः एखाद्या स्पर्धेपुरते वा जाहिरातीपुरते बनलेले, सुटून जाण्याची शक्यता अधिक. ते खेळ बनवणारे कलाकार व आज्ञावलीकार आज मध्यम वयाचे आहेत आणि त्यांच्या जुन्या संगणकांत मूळ फाइली असू शकतात.

== फ्लॅशनंतर ==

ब्राउझरमधील खेळ नाहीसे झाले नाहीत. त्यांचे रूप पालटले. क्रोम ब्राउझरमध्ये २०१४ पासून असलेला डायनासोरचा खेळ तर आंतरजाल तुटले म्हणजेच दिसतो, त्यामुळे जोडणी जितकी वाईट तितकी त्याची ओळख दाट. २०१० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ मुक्तस्रोत, जाहिरातविरहित आणि देणग्यांवर चालणारे असून मराठीतही वापरता येते.

करोनाच्या काळात बुद्धिबळाच्या अधिकृत स्पर्धाही पडद्यावर आल्या. २०२०च्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघाचे नेतृत्व नाशिकच्या विदित गुजराथी यांनी केले. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली व घड्याळाच्या हिशेबाने दोघांचे डाव गेले. आंतरजालातील तो बिघाड व्यापक असल्याचे लक्षात आल्यावर जागतिक संघटनेने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. समोरासमोरच्या खेळात पटावरील चाल हाच निकाल असतो. येथे चाल पोहोचणे हाही खेळाचा भाग झाला होता. दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक प्रत्यक्ष पटावर जिंकला.

== कायदा ==

विनामूल्य खेळ आणि पैसे लावून खेळायचा खेळ यांतील सीमा स्मार्टफोनच्या काळात पुसट झाली. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधाचा मूळ कायदा १८८७चा, म्हणजे तार आणि टपालाच्या काळातील आहे. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद करून न्यायालये निर्णय देत आली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. पैसे भरून पैशांच्या परताव्याच्या आशेने खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पुरवणे त्याने निषिद्ध केले. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-क्रीडा आणि पैशांचा संबंध नसलेले करमणुकीचे वा शैक्षणिक खेळ यांना मात्र त्याने मान्यता व उत्तेजन देऊ केले. झपाक वा गेम्स२विनवरील जुने विनामूल्य खेळ या दुसऱ्या वर्गात मोडले असते.